कोड लिहिता येत नसला तरी कंपाइल करता येतं

एखाद्या प्रोग्रामातला छळणारा दोष मूळ प्रकल्पानं गेल्याच आठवड्यात दुरुस्त केलेला असतो, पण तुमच्या लिनक्स डिस्ट्रोच्या (उबंटू, फेडोरा, आर्च यांसारख्या लिनक्सच्या) रेपॉझिटरीत, म्हणजे तिच्या तयार प्रोग्रामांच्या साठ्यात, आवृत्ती असते दीड वर्षापूर्वीची. प्रकल्पाच्या पानावर ‘सोर्समधून बिल्ड करा’ (म्हणजे मूळ कोड कंपाइल करून चालणारा प्रोग्राम स्वतः बांधा) असं म्हणून खाली चार ओळी दिलेल्या असतात. त्या टाइप करायला प्रोग्रामर असावं लागत नाही. अडचण येते ती मधल्याच एखाद्या ओळीवर पडद्यावर लाल मजकुराचा पूर येतो तेव्हा. यात सी किंवा सी प्लस प्लसची एक ओळही लिहावी लागत नाही. वाचाव्या लागतात त्या कंपायलरच्या तक्रारी, आणि त्या वाचायला शिकता येतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

सुरुवातीलाच एक पाहून घ्या: खरंच गरज आहे का? फ्लॅटपॅक किंवा अ‍ॅपइमेज या कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या रूपात नवी आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या आणि मोकळे व्हा. डेबियनवर ‘बॅकपोर्ट्स’ हा विभागही असतो, त्यात स्थिर आवृत्तीसाठी नवी पॅकेजेस बांधून ठेवलेली असतात. सोर्सकडे वळायचं ते दुरुस्ती अजून प्रकाशितच झालेली नसेल, हवी ती सोय पॅकेज करणाऱ्यांनी बंद ठेवली असेल, किंवा तुमच्या प्रोसेसरसाठी तयार पॅकेजच नसेल तर. स्वतः कंपाइल केलेला प्रोग्राम जास्त वेगानं पळतो, हा समज जुना आहे. साध्या डेस्कटॉप प्रोग्रामात फरक क्वचितच जाणवतो. तोटा मात्र नक्की आहे: तुम्ही बांधलेल्या प्रोग्रामचा पत्ता अपडेट मॅनेजरला नसतो, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. त्या तुम्हीच आणायच्या, म्हणजे पुन्हा बांधायचं.

आणि पहिल्याच फटक्यात ब्राउझर घेऊ नका. क्रोमियम बांधायला १०० जीबी मोकळी जागा लागते आणि १६ जीबीपेक्षा जास्त मेमरी असावी अशी शिफारस आहे. एखादा छोटा नोंदवही-प्रोग्राम किंवा चित्र पाहण्याचा प्रोग्राम घ्या; तो पाच मिनिटांत बांधून होतो आणि चुकलं तरी पाचच मिनिटं वाया जातात.

हेडर नावाची हरवलेली फाइल

नवख्यांच्या दहापैकी आठ अडचणींचं मूळ या एकाच गोष्टीत असतं, म्हणून इथे जरा थांबू.

कोणताही डेस्कटॉप प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. खिडक्या आणि बटणं जीटीके किंवा क्यूटी काढून देते, जेपीईजी चित्र दुसरी कुठलीतरी लायब्ररी उघडते, पीडीएफ तिसरी. या लायब्ररी तुमच्या मशीनवर बहुधा आधीच असतात, नाहीतर डेस्कटॉपच चालला नसता. पण चालवायला लागते ती लायब्ररी वेगळी आणि बांधायला लागते ती सामग्री वेगळी. बांधताना कंपायलरला ‘हेडर’ फायली लागतात, म्हणजे त्या लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत, त्यांना काय द्यायचं आणि त्यांच्याकडून काय परत येतं याची यादी. रोजच्या वापरात या यादीचं काहीच काम नसतं, म्हणून डिस्ट्रो ती वेगळ्या पॅकेजात ठेवतात.

डेबियन, उबंटू आणि मिंटवर त्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘-डेव्ह’ लागतं, फेडोरावर ‘-डेव्हेल’. जीटीकेची चौथी पिढी उबंटूवर चालते ती ‘लिबजीटीके-४-१’ या पॅकेजमुळे, पण बांधायला लागतं ‘लिबजीटीके-४-डेव्ह’. फेडोरावर तेच ‘जीटीके४-डेव्हेल’. आर्चवाल्यांना ही भानगड नाही. तिथे हेडर मूळ पॅकेजातच येतात.

आता ‘फेटल एरर: जीटीके/जीटीके.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही ओळ वाचा. ‘.एच’ शेवट असलेली फाइल म्हणजे हेडर. तक्रार सोर्स कोडबद्दल नाही, तुमच्या मशीनवर एक पॅकेज कमी आहे एवढंच ती सांगते.

कोणतं पॅकेज, हे अंदाजानं ठरवायचं नाही. उबंटू-डेबियनवर ‘एपीटी-फाइल’ हे साधन बसवा, एकदा ‘एपीटी-फाइल अपडेट’ चालवा आणि मग ‘एपीटी-फाइल सर्च’ पुढे हरवलेल्या फाइलचं नाव द्या. ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते दिसतं. फेडोरावर हे काम ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ करतं, आर्चवर ‘पॅकमॅन -एफ’, यातला एफ मोठा.

कधी तक्रार हेडरची नसते, ‘डिपेन्डन्सी जीटीके४ नॉट फाउंड’ अशी असते. इथे शोधणारा असतो ‘पीकेजी-कॉन्फिग’. तो प्रत्येक लायब्ररीची ‘.पीसी’ शेवटाची छोटी फाइल शोधतो. त्या फाइलीत लायब्ररी कुठे आहे आणि कितवी आवृत्ती आहे हे लिहिलेलं असतं. म्हणून ‘जीटीके४.पीसी’ हे नाव शोधायचं. तीही ‘-डेव्ह’ पॅकेजातच सापडते.

सगळ्यात जवळचा रस्ता वेगळाच आहे. तुमच्या डिस्ट्रोत त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती असेल, तर ती बांधायला काय काय लागलं याची यादी डिस्ट्रोकडे असतेच. ‘सुडो एपीटी बिल्ड-डेप’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या, ‘रूट’च्या, अधिकारानं) पुढे प्रोग्रामचं नाव दिलं की ती सगळी पॅकेजेस एका झटक्यात बसतात. फेडोरावर ‘डीएनएफ बिल्डडेप’. उबंटूवर ही आज्ञा पहिल्यांदा बहुतेकदा ‘डेब-एसआरसी’च्या नावानं अडते. कारण सोर्सचा विभाग बंद असतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘सोर्स कोड’वर खूण करा, यादी ताजी करा आणि पुन्हा चालवा. नव्या आवृत्तीला दोन-तीन जास्तीच्या लायब्ररी लागतील, तेवढ्या हातानं शोधायच्या.

साधनं आणि सोर्स

कंपायलर, ‘मेक’ (कंपायलरकडून क्रमानं कामं करून घेणारं साधन) आणि त्यांचे सोबती एकत्र मिळतात: उबंटू-डेबियनवर ‘बिल्ड-इसेन्शियल’, आर्चवर ‘बेस-डेव्हेल’, फेडोरावर ‘सी-डेव्हलपमेंट’ हा गट. त्याबरोबर ‘गिट’ (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि ‘पीकेजी-कॉन्फिग’ घ्या.

सोर्स ‘गिट क्लोन’नं आणताना ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ जोडलेलं बरं. काही प्रकल्प दुसऱ्या प्रकल्पांचा कोड सबमॉड्यूल म्हणून आत ओढतात, आणि हा पर्याय विसरलात तर ते फोल्डर रिकामे राहतात. गिटहबवरचं आपोआप तयार झालेलं झिप उतरवलं की हाच घोळ होतो, कारण त्यात सबमॉड्यूल येत नाहीत. विसरला असाल तर ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’.

क्लोन केल्यावर हाती येतो तो आज सकाळपर्यंतचा अर्धवट कामाचा कोड. ‘गिट टॅग’नं प्रकाशित आवृत्त्यांची यादी पाहा आणि ‘गिट चेकआउट’नं त्यातली एक निवडा. निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

टारबॉल (सगळ्या सोर्सची एकत्र बांधलेली एक फाइल) उतरवलात तर ‘एसएचए२५६सम’नं तिचा आकडा काढून प्रकल्पानं दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा. या तपासणीची मर्यादाही माहीत असावी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, आणि कॉन्फिगर होताना आपलं काम करून जात होती. टारबॉल प्रकल्पाच्याच देखरेख करणाऱ्यानं तयार केलेला असल्यामुळे आकडे जुळवून काहीच कळलं नसतं. बिल्ड करणं म्हणजे दुसऱ्याची स्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालवणं. म्हणून अनोळखी प्रकल्प घेण्याआधी दोनदा विचार करा, आणि बांधण्याची कोणतीही पायरी सुडोनं चालवू नका. सुडो लागलाच तर अगदी शेवटी, बसवताना. आधीच सुडो वापरलात तर बिल्ड फोल्डरातल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ समोर येतं.

सोर्स घर-फोल्डरातच ठेवा. वाटेत कुठल्याही फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. कॉन्फिगर स्क्रिप्ट ‘अनसेफ अ‍ॅब्सोल्यूट वर्किंग डिरेक्टरी नेम’ म्हणून तिथेच थांबते. एक्सफॅट पेनड्राइव्हवरही बांधू नका, त्यावर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) राहत नाहीत.

कोणाच्या भाषेत बोलायचं

सोर्सच्या मुख्य फोल्डरात काय आहे ते पाहा, त्यावरून प्रकल्प बांधणीचं कोणतं साधन वापरतो ते कळतं. ‘कॉन्फिगर’ नावाची फाइल असेल तर ऑटोटूल्स. ‘सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी’ असेल तर सीमेक, ‘मेसन.बिल्ड’ असेल तर मेसन. ऑटोटूल्स ज्याच्या जोरावर चालतं ते मेक १९७६ पासून आहे, सीमेक २००० पासून, मेसन २०१३ पासून. प्रकल्पाचं वय यावरून साधारण ओळखता येतं. जीटीके-ग्नोमच्या वळणाचे प्रकल्प आज बहुधा मेसनवर, क्यूटी-केडीईचे सीमेकवर. ‘कार्गो.टोमल’ दिसलं तर प्रोग्राम रस्टमध्ये आहे: ‘कार्गो बिल्ड --रिलीज’ चालवा, तयार फाइल ‘टार्गेट’च्या आत ‘रिलीज’मध्ये मिळते.

ऑटोटूल्स, सीमेक, मेसन या तिन्हींचा क्रम एकच: तपासणी, बांधणी, बसवणी. आधी कुठे बसवायचं ते ठरवा, कारण ती जागा तपासणीच्या वेळीच सांगायची असते. तिला ‘प्रीफिक्स’ म्हणतात. काहीच सांगितलं नाही तर ‘/यूएसआर/लोकल’. एकट्यानं वापरायचा प्रोग्राम असेल तर घर-फोल्डरातला ‘.लोकल’ सगळ्यात चांगला: सुडो लागत नाही आणि सिस्टिमला धक्का लागत नाही. ‘/यूएसआर’ मात्र कधीही देऊ नका. तो पॅकेज मॅनेजरचा इलाखा आहे. तिथे हात घातलात तर पुढच्या अपडेटला तो तुमच्या फायली पुसेल, किंवा त्याहून वाईट, तुम्ही त्याच्या पुसून ठेवलेल्या असतील.

ऑटोटूल्समध्ये ‘./कॉन्फिगर --प्रीफिक्स=’ पुढे जागा, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. गिटमधून आणलेल्या सोर्समध्ये कॉन्फिगर फाइल नसते, ‘ऑटोजेन.एसएच’ असेल तर ती, नाहीतर ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवून ती तयार करावी लागते.

सीमेकमध्ये ‘सीमेक -एस . -बी बिल्ड’ (एस आणि बी मोठे). त्यालाच मोठा ‘-डी’ लावून ‘सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स’ आणि ‘सीमेक_बिल्ड_टाइप’ ही दोन नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत द्यायची. दुसऱ्याची किंमत ‘रिलीज’, आर मोठा. हे विसरू नका. बिल्ड टाइप दिला नाही आणि प्रकल्पानंही स्वतःहून ठरवलेला नसला, तर कंपायलर कोड वेगवान करण्याचे पर्याय लावतच नाही, आणि ‘सोर्समधून बांधलं तर प्रोग्राम रडतखडत चालतो’ अशी तक्रार ऐकू येते. मेसनचंही तसंच: सांगितलं नाही तर तो डीबगसाठी बांधतो, म्हणून ‘मेसन सेटअप बिल्ड’ला ‘--बिल्डटाइप=रिलीज’ जोडायचं. पुढे सीमेकला ‘सीमेक --बिल्ड बिल्ड’, मेसनला ‘निन्जा -सी बिल्ड’ (सी मोठा; निन्जा हे मेकसारखंच साधन).

तपासणी यशस्वी झाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. शेवटी छापलेला गोषवारा नीट वाचा. ऐच्छिक लायब्ररी सापडल्या नाहीत तर ती सोय गुपचूप गळते आणि बांधणी बिनतक्रार पुढे जाते. प्रोग्राम उघडल्यावर ‘पीडीएफ निर्यात’ मेनूतून गायब का, याचं उत्तर त्या गोषवाऱ्यातल्या एका ‘नो’मध्ये असतं. हवं ते ‘-डेव्ह’ पॅकेज बसवून तपासणी पुन्हा करा. सीमेकच्या बाबतीत आधी ‘बिल्ड’ फोल्डर पुसून टाकलेला बरा, कारण तो जुनी उत्तरं जपून ठेवतो.

तपासणी कुठे कोसळली हे पडद्यावर कळत नसेल तर ऑटोटूल्सची ‘कॉन्फिग.लॉग’ आणि मेसनची ‘मेसन-लॉग.टीएक्सटी’ उघडा. कॉन्फिग.लॉगच्या शेवटी पानंच्या पानं व्हेरिएबलांची यादी असते. ती ओलांडून वर जा, खरी तक्रार तिच्या आधी असते.

बांधणी अडते तेव्हा

‘मेक -जे’ पुढे आकडा दिला की तेवढी कामं एकदम चालतात. ‘एनप्रॉक’ ही आज्ञा तुमच्या प्रोसेसरमध्ये किती कामं एकदम मावतील ते सांगते. निन्जा हा आकडा स्वतःच ठरवतो. पण प्रोसेसरपेक्षा मेमरी आधी संपते. सी प्लस प्लसची एकेक जड फाइल कंपाइल होताना एक-दोन जीबी खाऊ शकते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर एकदम आठ कामं लावली तर माउससुद्धा हलेनासा होतो, आणि थोड्या वेळानं ‘किल्ड... सीसी१प्लस’ अशी ओळ येते. कोडमध्ये काही चूक नाही. मेमरी संपल्यामुळे कर्नलनं कंपायलरला मारलं. ‘-जे२’ लावून तीच आज्ञा पुन्हा द्या. झालेलं काम वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

इतर वेळी शेवटची ओळ असते ‘मेक: *** एरर २’. बरेच जण हीच ओळ शोधायला घेतात आणि हजार वेगवेगळी उत्तरं वाचत बसतात. ती ओळ फक्त निरोप्या आहे. वर जा आणि ‘एरर:’ असलेली पहिली ओळ शोधा. तिच्यानंतरच्या शंभर चुका बहुधा तिचीच पिल्लं असतात. ‘वॉर्निंग’च्या ओळींकडे दुर्लक्ष करा. अनेक कामं एकदम चालली की ओळी एकमेकींत मिसळतात, अशा वेळी ‘मेक -जे१’ चालवलं की खरी चूक एकटी समोर येते.

हेडर हरवल्याची तक्रार आपण पाहिलीच. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो तो लिंकरकडून, म्हणजे तुकडे जोडण्याच्या टप्प्यावर. नावाची ओळख पटली पण माल सापडला नाही. बहुतेकदा हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असते. पूर्वी कधीतरी ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवलेली जुनी प्रत तिथे मुक्काम ठोकून असते.

तिसरा प्रकार असतो जुना कोड आणि नव्या कंपायलरचा. जीसीसी १४ (२०२४) पासून सी भाषेतल्या काही ढिलाया, ज्यांवर आधी नुसता इशारा मिळायचा, त्या चुका धरल्या जातात. जीसीसी १५ (२०२५) नं सीचं नवं मानक गृहीत धरायला सुरुवात केली, त्यामुळे ‘बूल’ नावाची स्वतःची व्याख्या करणारे जुने प्रोग्राम अडतात. अशा वेळी ‘सीफ्लॅग्स’ (मोठ्या अक्षरांत) मध्ये ‘-एसटीडी=जीएनयू१७’ देऊन पाहा. सीमेक ४.० नं तर ३.५ पेक्षा जुनी आवृत्ती मागणाऱ्या प्रकल्पांना थेट नकार द्यायला सुरुवात केली; ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५’ हे मोठ्या अक्षरांत, मोठ्या ‘-डी’सह दिलं की तो बहुधा ऐकतो. आणि ‘-डब्ल्यूएरर’ दिसलं तर प्रकल्पानं प्रत्येक इशाऱ्याला चूक ठरवलेलं असतं; मेसनमध्ये मोठ्या डीनं ‘-डीवेरर=फॉल्स’ देऊन ते बंद होतं.

एका तक्रारीपुढे मात्र माघार घ्यावी: प्रोग्रामला जीटीके ४.१२ हवं आणि तुमच्या उबंटू २२.०४ वर ४.६. इथे जीटीकेच नवं बांधायला निघालात तर त्याला नवी ग्लिब (जीटीके ज्यावर उभं आहे ती लायब्ररी) लागेल, तिला आणखी काही, आणि तुमचा सगळा डेस्कटॉप ज्यावर उभा आहे तेच तुम्ही उकरत असाल. जुना टॅग घ्या किंवा ‘डिस्ट्रोबॉक्स’नं नव्या डिस्ट्रोचा कंटेनर (तुमच्या सिस्टिमच्या आत चालणारी वेगळी डिस्ट्रो) करून त्यात बांधा. याला अपवाद आहे तो त्या प्रोग्रामच्याच कुटुंबातल्या लायब्ररींचा. गिंपला त्याच्या जोडीच्या बाबल आणि गेगल या लायब्ररी अनेकदा ताज्या लागतात. त्या आपल्या प्रीफिक्समध्ये आधी बांधायला हरकत नाही. फक्त ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये (मोठी अक्षरं) त्यांच्या ‘.पीसी’ फायलींची जागा सांगायला हवी. डेबियन कुळात मेसन त्या थेट ‘लिब’मध्ये न ठेवता त्याच्या आतल्या ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ या फोल्डरात ठेवतो, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

बसवल्यानंतर

‘मेक इन्स्टॉल’, ‘सीमेक --इन्स्टॉल बिल्ड’ किंवा ‘मेसन इन्स्टॉल -सी बिल्ड’ (सी मोठा) झालं, तरी नाव टाइप केल्यावर जुनीच आवृत्ती उघडते. शेलला (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) जुना पत्ता पाठ असतो. ‘हॅश -आर’ द्या. तरीही नाही तर ‘.लोकल/बिन’ हा फोल्डर ‘पाथ’मध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या यादीत, नाही. उबंटूवर तो फोल्डर लॉगिनच्या वेळी असेल तरच पाथमध्ये येतो, म्हणून एकदा लॉगआउट करून परत या.

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं तर ‘एलडीडी’पुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या, ज्या ओळीत ‘नॉट फाउंड’ आहे ती लायब्ररी सापडत नाही. ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवलं असेल तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ पुरतं. फेडोरावर मात्र ‘/यूएसआर/लोकल/लिब’ शोधाच्या यादीतच नसतो, ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ मध्ये ‘.कॉन्फ’ शेवटाची एक फाइल करून त्यात तो पत्ता लिहा आणि मग एलडीकॉन्फिग चालवा. घर-फोल्डरातल्या लायब्ररीसाठी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (मोठी अक्षरं) वापरता येतं, पण ते फक्त त्या एका प्रोग्रामपुरतं द्या, सगळ्या सत्रासाठी नको.

नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडण्याआधी ‘.कॉन्फिग’मधल्या तिच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. दोन्ही आवृत्त्या बहुधा त्याच सेटिंग वापरतात, आणि नवीनं त्या बदलल्या की जुनीला त्या समजतीलच असं नाही.

बिल्ड फोल्डर पुसू नका. काढून टाकताना तोच लागतो: मेसनला ‘निन्जा -सी बिल्ड अनइन्स्टॉल’ (सी मोठा), ऑटोटूल्सला ‘मेक अनइन्स्टॉल’. सीमेककडे अशी आज्ञा बहुधा नसते, पण ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी’मध्ये बसवलेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता असतो, तेवढ्या पुसायच्या. त्या फोल्डरातच एका साध्या फाइलीत कोणता टॅग घेतला आणि तपासणीची आज्ञा नेमकी काय दिली, हे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी डिस्ट्रो नव्या आवृत्तीवर गेली की तुमचा प्रोग्राम ज्या लायब्ररीवर बांधला होता तिच्या नावातला आकडा बदललेला असेल आणि तो उघडायला नकार देईल. तेव्हा ती ओळ चिकटवून पुन्हा बांधायचं.